बाईंची नामांकनं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऑस्ट्रेलियातील एका थोर अभिनेत्रीवर जगभरच्या परीक्षकांनी वर्षानुवर्षे केलेल्या अन्यायाची एकमेव संपूर्ण नोंद सिंगापुरात, तोआ पायोह येथे, बाराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, डाळींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. अशी नोंद लंडनमध्ये नव्हती, अमेरिकेत नव्हती, खुद्द त्या बाईंच्या घरीही असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र तूरडाळ काढायला दार उघडलं की समोर अन्याय.

मी त्या फ्लॅटमध्ये एका खोलीत चार वर्षं भाड्याने राहिले. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आले होते, जुरोंग ईस्टला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम होतं. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचा पगार. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझीही अब्रू जाणार आहे.

घरमालक म्हणजे काका. मूळचे पुण्याचे, वीसेक वर्षांपूर्वी इथे आलेले, एका बँकेत अंतर्गत तपासणी खात्यात. उंच, कोरडे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं, गॅस दाखवला, मग ते कपाट उघडून बाजूला उभे राहिले. मला वाटलं डबे दाखवतायत.

"वाचा," ते म्हणाले.

मोठा कागद होता, आखलेला. वर्ष, भूमिका, पुरस्कार, निकाल आणि शेरा. अक्षर मोत्यासारखं. शेऱ्याच्या रकान्यात 'अन्याय', 'उघड अन्याय', 'संशयास्पद' आणि एके ठिकाणी नुसतंच 'परीक्षक झोपले होते'.

"हे कोणाचं आहे?" मी विचारलं.

"बाईंचं," काका म्हणाले. त्यांच्या घरात नाव घ्यायची गरज नव्हती.

मागून काकूंचा आवाज आला, "तिला खोली बघू द्या हो आधी. तुमची बाई कुठे पळून जात नाहीये."

काकू म्हणजे ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी तिसऱ्या खोलीत शब्दन्‌शब्द कळावा. त्याचं कारण मला नंतर कळलं. आमच्या मंडळाच्या नाटकांना गेली सोळा-सतरा वर्षं त्या प्रॉम्प्टिंग करत होत्या. मंडळ म्हणजे काही फार मोठी संस्था नव्हे. आसपासच्या शंभरेक मराठी घरांनी मिळून चालवलेलं एक घरगुती प्रकरण. गणपती, कोजागरी आणि वर्षातून एकदा एकांकिका स्पर्धा. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटा टॉर्च घेऊन काकूंनी कितीतरी नायिकांना वाचवलं होतं. बक्षीस समारंभात प्रकाशयोजनावाल्याचं नाव घेतात, चहावाल्याचंही घेतात. प्रॉम्प्टरचं घेत नाहीत. का घेत नाहीत, कोण जाणे! मी एकदा अध्यक्षांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "अहो, प्रॉम्प्टरचं नाव घेतलं म्हणजे नट पाठांतर विसरले हे कबूल केल्यासारखं होतं." ऐकून घ्या!

आणि काका? काका यातलं एकही नाटक बघायला कधी गेले नव्हते. "विंगेतल्या माणसाचं काय बघायचं?" हा त्यांचा सवाल.

बाईंचं मात्र सगळं बघायचं. या वेडाचा उगम असा की, काका बँकेच्या कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेले होते, संध्याकाळ रिकामी होती आणि कुणीतरी एका नाटकाचं तिकीट हातात ठेवलं. बाई तेव्हा प्रसिद्ध नव्हत्या. नाटकात जहाजाच्या कप्तानाची विधवा झाल्या होत्या. काका तिसऱ्या रांगेत. एका प्रसंगात बाई हातातलं पत्र न वाचता खिशात ठेवतात. एवढंच. "पण ठेवलं कसं!" असं म्हणून काका हा प्रसंग करून दाखवत. जेवताना, पोळीचा घास हातात धरून, डोळे कुठेतरी लांब लावून, तो घास हळूच शर्टाच्या खिशाकडे नेत. सगळे शर्ट तेलकट.

पुढे बाई सिनेमात गेल्या, जगभर गाजल्या, आणि पुरस्कारांची मालिका सुरू झाली. म्हणजे न मिळण्याची. काकांचं म्हणणं असं की, नामांकन हा सन्मान नसतो, ती जखम असते. चांगले कपडे घालून, हसऱ्या चेहऱ्याने, कॅमेऱ्यासमोर करून घ्यायची. एका वर्षी तर बाईंना दोन नामांकनं होती, एक प्रमुख भूमिकेचं आणि एक सहायक भूमिकेचं, आणि दोन्ही गेली. त्या ओळीपुढे काकांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'एकाच रात्री दोनदा.' शेजारी मुगाच्या डाळीचा डबा.

त्यांचे नियम कडक होते. समीक्षकांचे पुरस्कार निळ्या शाईत. प्रेक्षकांच्या मतांवरचे धरायचेच नाहीत, "मतं काय, कुणालाही मिळतात." आणि ऑस्ट्रेलियातले पुरस्कार, जे बाईंना दरवर्षी ढिगाने मिळत, ते पेन्सिलीने. शेरा ठरलेला: 'माहेरचं कौतुक. धरू नये.'

"का धरू नये?" मी एकदा भांडले होते. "तिथल्या परीक्षकांनाही डोळे आहेत की."

"घरच्यांनी चांगलं म्हटलं याला किंमत नसते," काका शांतपणे म्हणाले. "घरच्यांनी म्हणायचंच नसतं. त्याने माणसाची किंमत कमी होते."

काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं क्षणभर थांबलं आणि परत चालू झालं.

मोठ्या पुरस्काराचा सोहळा अमेरिकेत रविवारी संध्याकाळी होतो. म्हणजे आमच्याकडे सोमवारी सकाळी, ऐन कामाच्या वेळी. काका दरवर्षी त्या सोमवारची रजा आधीच टाकत. खोटं कारण देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एका वर्षी त्यांनी अर्जात चक्क 'शोक' असं कारण लिहिलं. रजेचं काम बघणारी चिनी मुलगी बिचारी हळव्या आवाजात म्हणाली, "सो सॉरी, सर. हू पास्ड अवे?"

काका म्हणाले, "नॉट येट नोन. मंडे, अराउंड इलेव्हन."

तो सोमवार म्हणजे आमच्या घरातलं कार्यच. काकू उपमा करत. शेजारची चिनी आंटी, जिला सिनेमातलं ओ का ठो कळत नसे, ती सोया दुधाच्या बाटल्या घेऊन येई आणि "अंकल, धिस इयर शुअर विन लाह!" असा आशीर्वाद देई. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर ताठ बसत. लिफाफा उघडेपर्यंत एक शब्द नाही. दुसऱ्या कुणाचं नाव आलं की उठत, टीव्ही बंद करत, आणि जिंकलेल्या बाईचं भाषण आम्हाला कधीही ऐकू देत नसत. मग पुढचा तासभर आम्हाला भाषण. बाईंनी कुठल्या प्रसंगात पापणी कशी हलवली, खांदा कसा पाडला, श्वास कुठे घेतला आणि हे न दिसणाऱ्या माणसांना परीक्षक म्हणून कोण नेमतं. मग त्या परीक्षकांना पत्र. इंग्रजीत, तीन पानी, 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम'पासून. एकदा उत्तर आलं, आपोआप येतं तसं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. काका ते आम्हाला दाखवत फिरले. "बघा. नाकारलेलं नाही त्यांनी!"

आणि गंमत म्हणजे, बाई जिंकल्या त्या वर्षी काका जास्त चिडले. मी होते तेव्हा. नाव पुकारलं, आंटी सोफ्यावरून उडाली, मी ओरडले, काकूंनी साखर आणायला धाव घेतली. काका जागचे हलले नाहीत. चेहरा काळाठिक्कर.

"या भूमिकेसाठी?" ते म्हणाले. "चार प्रसंगांची भूमिका! यात बाईंनी केलंय काय? मागच्या वेळचं यांना टोचतंय म्हणून आता देतायत. हे बक्षीस नाही, हे उत्तेजनार्थ आहे!"

साखरेची वाटी हातात घेऊन काकू दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उत्तेजनार्थ काय असतं ते मिळालेल्या माणसाला विचारावं. कॉलेजात असताना मला मिळालं होतं. सहा महिने उशाशी घेऊन झोपत होते मी."

काकांना ते ऐकू आलं की नाही, देवाला माहीत. आठ दिवस त्यांनी तो विजय कपाटावर चढवला नाही. चढवला तेव्हा शेरा होता: 'उशिरा. चुकीच्या भूमिकेसाठी.'

आता काकांची दुसरी तऱ्हा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या माणसाला हितसंबंधांची भयंकर धास्ती. तपासणी खात्यात जन्म गेलेला. जिथे आपला माणूस, आपली ओळख, आपला संबंध, तिथे मत द्यायचं नाही, हा बाणा. एकदा आमच्या ब्लॉकमधल्या लोकांनी कॉरिडॉरमधल्या कुंड्यांची स्पर्धा ठेवली आणि काकांना परीक्षक केलं. आमच्या दाराशी काकूंची तुळस होती, अशी डेरेदार की लिफ्टमधून बाहेर पडणारा माणूस वळून बघे.

आंटी म्हणाली, "अंकल, युवर होली प्लांट व्हेरी नाइस. शुअर विन."

"दॅट इज द प्रॉब्लेम," काका म्हणाले, आणि तुळस उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली. निकाल लागेपर्यंत ती तिथेच. काकू आठवडाभर रोज सकाळी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढत तिला पाणी घालायला येत होत्या. मी अंथरुणातच. तुळशीला प्रदक्षिणा म्हणजे मलाही प्रदक्षिणा.

आम्ही हसलो. हसायला नको होतं. त्याच वेळी त्यांच्याशी कडाकडा भांडायला हवं होतं. कारण पुढच्याच वर्षी या माणसाने तुळशीच्या जागी काकूंना ठेवलं.

झालं असं. एकांकिका स्पर्धेला त्या वर्षी चार नाटकं होती आणि तीन परीक्षक हवे होते. पुरस्कारांवर एवढं बोलणारा दुसरा माणूस साऱ्या मंडळात नाही, म्हणून अध्यक्षांनी काकांना गळ घातली. काका कधी नव्हे ते फुलले. घरी येऊन त्यांनी गुणपत्रिकेचा नवा नमुनाच तयार केला: वाचिक, आंगिक, नजर, श्वास. त्यांच्याच आग्रहाने असंही ठरलं की निकालाआधी तीन नायिकांची नामांकनं माइकवरून जाहीर करायची. "पद्धत म्हणजे पद्धत."

आणि स्पर्धेला दोन आठवडे उरलेले असताना एका नाटकाच्या नायिकेच्या नवऱ्याची हाँगकाँगला बदली झाली. ती गेली. सबंध नाटक तोंडपाठ असलेली जगात एकच व्यक्ती होती, आणि ती विंगेत स्टुलावर बसलेली होती.

काकूंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "मला उभं करतायत," एवढंच म्हणाल्या.

काका उठले, टेबलाशी बसले आणि परीक्षकपदाचा राजीनामा लिहिला. अध्यक्षांनी तो फाडला. दुसरा माणूस मिळणं शक्य नव्हतं. "काका, तुमच्या सचोटीवर कोणी शंका घेणार आहे का?" तेव्हा काकांनी हितसंबंध असल्याचं निवेदन लिहून दिलं. तीन प्रतींत. आणि घरात फर्मान काढलं की परीक्षकाच्या घरात स्पर्धकाने तालीम करायची नाही. इतकंच नव्हे, परीक्षकाने स्पर्धकाशी बोलायचंही नाही.

दोन आठवडे! एका घरात! सांगते त्यावर विश्वास ठेवा. हा माणूस समोर बसलेल्या बायकोला सोडून मला म्हणे, "स्पर्धकांना सांग, चहात साखर कमी आहे."

आणि काकू मला म्हणत, "परीक्षकांना सांग, डबा समोरच आहे."

मग तालीम कुठे करायची? माझ्या खोलीतही बंदी, कारण भिंत सामाईक. खाली ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावर म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत आणि काकूंचा आवाज चढला की ते सोंगट्या आपटत. शेवटी एका रविवारी मी काकूंना पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेले. छोट्या बोटीतून पलीकडे उतरलो, सायकलवाल्यांच्या गर्दीतून पार टोकाला गेलो, आणि समुद्राकडे तोंड करून काकूंनी सबंध नाटक म्हटलं.

भूमिका एका परिचारिकेची होती. निवृत्त झालेली, एकटी, रुग्णालयाने दिलेली खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करून किल्ली द्यायची आहे. दुसऱ्या प्रवेशात तिला एक शब्दही नाही. फक्त पलंगावरची चादर काढून घडी घालायची. काकूंनी माझी ओढणी घेऊन ते करून दाखवलं. दोन टोकं हातात धरली आणि उरलेली दोन कुणाला धरायला द्यावीत म्हणून समोर बघितलं. समोर समुद्र. मग हनुवटीखाली एक टोक दाबून त्यांनी एकटीनेच घडी घातली.

दोन सायकलवाले थांबले होते. मी काही बोलायच्या आत काकू खाली दगडावर बसल्या.

"बरं होतंय ना गं?"

"काकू, तुमचा पहिला नंबर आहे!"

"नंबराचं राहू दे." त्या ओढणीची घडी परत परत सारखी करत होत्या. "मला एक वाक्य ऐकायचंय त्यांच्या तोंडून. त्या बाईच्या एकेका पापणीवर तासतास बोलतात. मीही ऐकते, मला आवडतं ते बोलतात कसं ते. कळतं त्यांना, अगदी खरं कळतं. म्हणून तर त्यांच्याच तोंडून पाहिजे. आता बघावंच लागणार आहे त्यांना. परीक्षक आहेत, उठून जाता यायचं नाही."

परतीच्या बोटीत त्या घडी घातलेली ओढणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ तेवढे हलत होते.

स्पर्धेच्या दिवशी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. मी सूत्रसंचालिका, आणि गुणांची बेरीजही माझ्याकडे, कारण 'ती कंप्युटरवाली आहे ना'. पहिली तीन नाटकं झाली तशी झाली. एका नायिकेने दाराची कडी समजून सेटची भिंतच ओढली. दुसरी छान होती, पण दर वाक्यानंतर पहिल्या रांगेतल्या सासूबाईंकडे बघत होती. मग काकूंचं नाटक.

मी विंगेत होते. तिथून परीक्षकांचं टेबल समोर दिसत होतं. पहिल्या प्रवेशात काका पेन हातात घेऊन, मान खाली घालून, पापी माणसासारखे बसलेले. दुसरा प्रवेश सुरू झाला. काकूंनी चादर काढली. दोन टोकं धरून समोर बघितलं, म्हणजे प्रेक्षकांकडे, म्हणजे काकांकडे. हॉलमध्ये कुणाचं तरी लहान मूल बोलत होतं, तेही गप्प झालं. काकांची मान वर आली. पेन टेबलावरून घरंगळून खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. चादर हनुवटीखाली गेली तेव्हा त्यांचाही हात नकळत पुढे आला होता, दुसरं टोक धरायला आल्यासारखा. शपथेवर सांगते.

पडदा पडल्यावर गुणपत्रिका माझ्याकडे आल्या. इथून पुढे माझं पाप. बाहेर बटाटेवडे निवत होते, अध्यक्ष "आटपा, आटपा, हॉल नऊला रिकामा करायचाय" म्हणून मागे उभे, आणि मी लॅपटॉपवर धडाधड आकडे भरले. काकांच्या पत्रिकेत काकूंच्या नावापुढे काहीच नव्हतं. वाचिक कोरं, आंगिक कोरं, नजर कोरी, श्वास कोरा. मीही तो रकाना कोराच ठेवला, बेरजेचं बटण दाबलं, वरची तीन नावं कागदावर उतरवली आणि माइककडे पळाले. दिवसभर ऑफिसात मी काय करते? रकाना कोरा सोडला तर काय होईल, हेच तपासते! त्याचाच पगार घेते! तिघांच्या गुणांची बेरीज घेतली आणि एकाचे गुणच नसले, की कुठलंही यंत्र ते शून्यच धरणार. दोघांचे गुण घेऊन काकू तिघांचे गुण मिळालेल्या बायकांशी झुंजत होत्या.

मी नावं वाचली. पहिली. टाळ्या. सेटची भिंत ओढणारी! दुसरी. टाळ्या. तिसरं नाव तोंडातून बाहेर पडलं आणि मला उमगलं की नायिका चारच होत्या. चार नायिका, तीन नामांकनं, सगळ्या गावासमोर फक्त एक बाई बाहेर. मी विंगेकडे बघितलं. काकू अजून परिचारिकेच्या पांढऱ्या साडीत होत्या. नाव घेतलं की पुढे यायचं म्हणून त्यांनी पदर नीट केला होता. तो हात तसाच खांद्यावर राहिला.

"थांबा!"

काका उभे राहिले होते. खुर्ची मागे पडली.

"चौथं नाव कुठे आहे?"

"काका, नामांकनं तीनच," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच तर ठरवलंत."

"मग चुकीची तीन आहेत! हा काय पोरखेळ चाललाय? ज्या बाईने भिंत उपटली तिला नामांकन, आणि त्या चादरीचं काय? ती चादर कुणी बघितली की नाही? एक वाक्य नाही, एक हुंदका नाही! परीक्षकांना डोळे होते का खिशात घातले होते?"

शेजारी बसलेल्या परीक्षक वहिनी तडकून म्हणाल्या, "मी चौऱ्याण्णव दिलेत हो!"

"मी एक्क्याण्णव," तिसरे म्हणाले.

मग सबंध हॉल काकांकडे बघू लागला. आणि मी, मेले मी, माइक हातात तसाच चालू, म्हणाले, "काका, तुमचा रकाना कोरा आहे. बेरजेत शून्य धरलं गेलं."

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर ज्या परीक्षकाला शिव्या घातल्या, तो त्यांना समोर सापडला होता.

"मी शून्य दिलेलं नाही," ते म्हणाले. "माझा हितसंबंध आहे. मी लेखी दिलंय, तीन प्रतींत. मी तिला वाईट म्हटलेलं नाही. मी काहीच म्हटलेलं नाही!"

तेव्हा विंगेतून काकू पुढे आल्या. सतरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलेला तो आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"मग म्हणा की आता! एवढ्या लोकांसमोर विचारते. कसं झालं माझं काम?"

पांढऱ्या साडीत कमरेवर हात ठेवून उभ्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं. ज्या माणसाकडे एका पापणीसाठी तीन पानं होती, त्याला शब्द सापडत नव्हता. शर्टाचं वरचं बटण त्यांनी दोनदा चाचपलं. आणि मग दोनशे माणसांसमोर, अगदी तक्रार केल्यासारखे, ते ओरडले:

"अगं, दुसऱ्या प्रवेशात मी विसरूनच गेलो होतो, तू माझी बायको आहेस ते!"